आमची मामी अक्राला जाते

माझ्या मामीला माणसं दिसतच नाहीत, मापं दिसतात. नाव, गाव, हुद्दा, नातं हे तिला सावकाश कळतं, आणि बरेचदा कळतही नाही. पण समोरची बाई दारात चपला काढून आत येईपर्यंत मामीच्या डोक्यात छाती छत्तीस, मुंढा सोळा, डावा खांदा अर्धा इंच खाली, एवढं पक्कं झालेलं असतं. माझं लग्न ठरलं तेव्हा आईने मोठ्या कौतुकाने माझ्या होणाऱ्या सासूबाईंशी तिची ओळख करून दिली. मामी नमस्कार करून मागे सरली आणि माझ्या कानात म्हणाली, "स्वभावाने बरी वाटते गं. गळ्याला जरा पसरट आहे." एका महाशिवरात्रीला अंबरनाथच्या शिवमंदिराबाहेर आम्ही दोघी रांगेत उभ्या होतो. सगळी रांग शंभूमहादेवाचं नाव घेत होती आणि मामी पुढच्या अनोळखी बाईच्या पाठीवर बोट ठेवून विचारत होती, "ताई, हा कुणी शिवलाय? टक बघा कुठे पळालाय!" ती बाई आधी भडकली, मग रडवेली झाली आणि गाभारा येईपर्यंत मामीचा पत्ता घेऊन मोकळी झाली. पुढच्या सोमवारी ती चार ब्लाऊजपीस घेऊन हजर होती. देवाने ज्याला त्याला आपापल्या भक्तीप्रमाणे फळ दिलं, एवढंच म्हणायचं.

मामीचं माहेर चामटोलीचं. लग्न होऊन आली ती उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात, विठ्ठलवाडी स्टेशनपासून पायी दहा मिनिटांवरच्या एका गल्लीत. गल्लीत बारा घरं, त्यातली दहा सिंधी. दुसरी एखादी नवी नवरी दार लावून बसली असती. मामीने सहा महिन्यांत सिंधी उचललं, तेही असं की भाजीवाल्याला ती सिंधीच वाटायची. भांडण सिंधीत, भाव हिंदीत आणि मराठी तेवढी देवाशी आणि आमच्याशी, अशी तिने भाषांची वाटणी करून टाकली होती. इंग्रजीही तिला येत होतं: लूज, टाईट, शोल्डर, लेंथ, फिटिंग, अल्टर, ट्रायल. "एवढ्यात सगळं जग बोलता येतं," असं ती म्हणायची आणि आम्ही हसायचो. शेजारच्या सिंधी अम्मा आणि ती तीस वर्षं एकाच भिंतीच्या दोन बाजूंनी बोलत आल्या. भिंतीवर दोन थापा म्हणजे 'चहा टाकलाय', तीन म्हणजे 'लवकर ये, काहीतरी कळलंय'.

या सगळ्या गलबल्यात माझा मामा शांत बसलेला असायचा. अंबरनाथच्या एका कारखान्यात लेथवर आयुष्य काढलेला हा माणूस दिवसाला फार तर पाच वाक्यं बोलायचा. निवृत्त झाल्यावर त्याने मामीकडून एक काम मागून घेतलं: ब्लाऊजला हुक लावायचं. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, मांडीवर ब्लाऊज आणि पाच हुक अगदी एका रेषेत, जणू कारखान्यातून तपासून बाहेर पडले आहेत. त्याने लावलेला हुक साडी फाटली तरी निघायचा नाही. दुपारभर मामीचं मशीन बोलायचं, मामी बोलायची, भिंत बोलायची आणि मामा मधूनच म्हणायचा, "दोरा संपला." मग मामी मशीन थांबवून त्याला नवं रीळ द्यायची. ते तिने कधी दुसऱ्या कुणाला देऊ दिलं नाही.

एका दुपारी तो त्याच खुर्चीवर बसल्या बसल्या गेला. मामी शेजारीच होती. तिला वाटलं, डोळा लागला. त्यानंतर मामीने मशीनवर चादर टाकली ती काढलीच नाही. हुक न लावलेले ब्लाऊज गठ्ठ्याने पडून होते. गिऱ्हाइकं येत, गुपचूप आपापला ब्लाऊज उचलून नेत आणि घरी हुक लावून घेत. अम्मा भिंतीवर थापा मारत राहिल्या. इकडून उत्तर जायचं नाही.

शेवटी माझा मामेभाऊ संदीप तिला बदलापूरला आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला. संदीप आईवर जीव टाकणारा मुलगा आणि त्याची बायको सासूला हातात काही घेऊ द्यायची नाही. तीच तर अडचण होती. पहिल्या महिन्यात मामीने घरातले सगळे पडदे उसवून नीट केले, दुसऱ्या महिन्यात उशांचे अभ्रे, तिसऱ्यात सोसायटीच्या वॉचमनची पॅन्ट. मग उसवण्यासारखं काही उरलंच नाही. मी भेटायला गेले की ती सातव्या मजल्यावरच्या गॅलरीत बसलेली असायची. समोर डोंगर, गार वारा, सगळं छान. एकदा म्हणाली, "इतक्या वरून माणसाचं माप दिसत नाही गं. नुसती डोकी दिसतात."

अशात शेजारच्या अम्मांच्या नातवाचं लग्न निघालं. अम्मांची धाकटी मुलगी आफ्रिकेत, घाना देशात, अक्रा नावाच्या शहरात असते. नवऱ्याचं कापडाचं मोठं दुकान आहे. लग्नाला आली, तर तिचा ब्लाऊज कुणीतरी असा बिघडवला होता की ती अम्मांच्या गळ्यात पडून रडायला लागली. अम्मांनी थेट बदलापूरला फोन लावला. मामी पुढच्या गाडीने उल्हासनगरातल्या बंद घरी. मशीनवरची चादर वर्षभराने निघाली आणि संध्याकाळपर्यंत ब्लाऊज असा बसला की त्या मुलीने आरशासमोर चार गिरक्या घेतल्या. "मौसी, उधर ऐसा हाथ किसी का नहीं है," ती म्हणाली. "चलो ना मेरे साथ!"

आता हे 'चलो ना' म्हणजे आपण दारात निघालेल्या पाहुण्याला 'जेवूनच जा' म्हणतो, त्यातलं. पाहुण्याने 'नको, उशीर होईल' म्हणायचं असतं. मामी म्हणाली, "कब?"

बदलापूरच्या फ्लॅटमध्ये घरची बैठक भरली. मला मध्यस्थ म्हणून बोलावलं होतं, म्हणजे संदीपच्या बाजूने बोलायला.

"आई, वय काय तुझं?" संदीपने सुरुवात केली.

"त्रेसष्ट."

"आफ्रिकेत आपलं कोण आहे?"

"तू इथे फ्लॅट घेतलास तेव्हा बदलापुरात तुझं कोण होतं?"

"ते वेगळं. तुला इथे कमी काय आहे, ते सांग."

"काहीच कमी नाही रे," मामी म्हणाली. "सोन्यासारखी सून आहे, हातात ताट येतं. पण सकाळपासून सगळे मला 'आराम करा' म्हणता. तुझे बाबा गेल्यापासून मला कामासाठी कुणी हाक मारली नव्हती. ती पोरगी 'चलो' म्हणाली."

"अगं, ती सहज म्हणाली असेल!"

"असेल. मी सहज ऐकलं नाही."

संदीपचा आवाज चढला. "आणि तिकडे तुला काही झालं तर?"

मामीने मांडीवरची पदराची कड सरळ केली. मग हळूच म्हणाली, "तुझ्या बाबांना इथेच झालं ना. घरात, खुर्चीवर, मी हातभर अंतरावर असताना."

सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती म्हणाली, "जाऊ द्या ना त्यांना." संदीपने मग अट घातली: तीन महिने जायचं, परतीचं तिकीट आधीच काढायचं. "म्हणजे ट्रायल," मामी म्हणाली आणि लगेच कबूल झाली. "चालेल. आत माया ठेवून शिवलेलं बरं, लागलं तर सोडता येतं." शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड राखून ठेवतात, त्याला शिवणकामात माया म्हणतात. संदीपला हे ठाऊक नसावं. तो उठून गॅलरीत गेला.

त्यानंतरचे तीन-चार महिने आमच्या घरात सणासारखे गेले. पासपोर्टच्या चौकशीसाठी पोलीस आले, तेव्हा मामीने त्यांच्या प्रश्नांआधीच त्यांच्या शर्टाचं लोंबणारं बटण लावून दिलं. घानाला जायचं तर पिवळ्या तापाची लस घ्यावी लागते. "म्हणजे कावीळच ना? ती मला लहानपणी होऊन गेली," म्हणून तिने डॉक्टरांशी अर्धा तास वाद घातला आणि मग लस टोचून घेताना नर्सला एप्रनची बाही दोन बोटं वर घ्यायला सांगितलं. अक्राच्या दुकानातून तिथे काम करण्याच्या परवान्याचे कागद आले. अम्मांनी पापडांचं एवढं पुडकं दिलं की अक्रा शहराला महिनाभर पुरावं. संदीपने बॅगा चार वेळा वजन करून पाहिल्या, आणि विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने "कुछ नुकीली, धारदार चीज?" विचारल्यावर मामीने पर्समधून हातभर कात्री काढून अभिमानाने दाखवली. "है ना! कल ही धार लगवायी!" ती कात्री मोठ्या बॅगेत घालून घेईपर्यंत संदीप घामाने भिजला. मामी मात्र सरळ आत चालती झाली. वळून बघितलं नाही, याचं मला वाईट वाटलं होतं. नंतर तिने सांगितलं, "वळले असते ना, तर परतच आले असते."

अक्राच्या विमानतळावर खिडकीतल्या अधिकाऱ्याने येण्याचं कारण विचारलं. मामीने आपल्याजवळच्या इंग्रजीतून नेमका शब्द निवडला: "फिटिंग." तो चक्रावून बघत राहिला. मामीनेही त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "युवर शोल्डर. व्हेरी लूज." मागची सगळी रांग हसली, अधिकारीही हसला आणि शिक्का बसला. हे सगळं तिने मला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. तिची सकाळ म्हणजे आमची दुपार. मी शिकवते त्या शाळेच्या मधल्या सुट्टीत तिचा फोन यायचा आणि मला तिचं निम्मं कपाळ आणि वरचा पंखा दिसायचा.

पहिले दिवस मात्र कठीण गेले, ते तिने सांगितलं नाही, मला कळलं. खोली चांगली होती, दुकानातली माणसं प्रेमळ होती, पण कुणी भिंतीवर थाप मारत नव्हतं. तिसऱ्या रविवारी फोन आला, पंखा दिसला आणि आवाजच येईना. नुसता श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, "मामी, ये परत. कुणी काही म्हणणार नाही." ती म्हणाली, "तिकिटाची तारीख यायची आहे अजून."

तारीख येण्याआधी एक बाई आली. तिथल्या बायका चर्चला, समारंभाला अंगाबरोबर बसणारा ब्लाऊज आणि खाली लांब स्कर्ट घालतात. त्या ब्लाऊजला कबा म्हणतात. रंग बघावेत तर आपल्या पैठण्यांनी मान खाली घालावी, आणि बाह्या अशा फुगवलेल्या की दारातून तिरकं जावं लागावं. ही बाई भरभक्कम, आणि शिवून आणलेल्या कब्यावर चिडलेली. मामीने टेपला हात न लावता तिला एकदा डोळ्यांनी प्रदक्षिणा घातली आणि म्हणाली, "फोर्टी-सिक्स. लेफ्ट शोल्डर डाउन." ती बाई आ वासून बघत राहिली आणि मग टेबलावर हात आपटून हसायला लागली. इतक्या वर्षांत एकाही शिवणारणीने तिला तोंडावर खरं माप सांगितलं नव्हतं! दोन दिवसांनी कबा तयार झाला. त्याला पाठीला चेन असते, हुक नसतात. "बरं झालं," एवढंच मामी म्हणाली. पुढच्या रविवारी त्या बाईचा अख्खा गायनवृंद दुकानात आला. तिथल्या भाषेत आईला 'मामे' म्हणतात, म्हणून सगळे तिला मामेच म्हणू लागले. मामीला वाटलं, ती माझी मामी आहे हे मीच इकडून कळवलं.

मग एकदा त्याच बाईची म्हातारी आई वारली. तिकडे अंत्यविधीला सगळ्या नातलगांना एकाच छापाचं कापड घ्यायची रीत आहे. पंधरा दिवस मामी मशीनवरून उठली नाही. शेवटी त्यांनी तिलाही त्याच कापडाचा कबा घालून सोबत नेलं. तिने पाहिलं, तर माणसं रडत होती, मग ढोल वाजले आणि तीच माणसं नाचायला लागली, पुन्हा बसून रडली, जेवली, पुन्हा नाचली. म्हातारीच्या गोष्टी सांगून सांगून हसली. कुणीतरी मामीला विचारलं, "तुझे यजमान?" मामी उभी राहिली आणि अम्मांच्या मुलीला दुभाषी करून तिने सगळ्यांना मामाची गोष्ट सांगितली: तो किती कमी बोलायचा, कसा बसायचा. त्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि तिला हाताला धरून नाचायला नेलं. "मग?" मी विचारलं. "मग काय, नाचले," ती म्हणाली. त्या दिवशी तिने फोन नीट धरला होता, पूर्ण चेहरा दिसत होता. "आपण तुझ्या मामाला फार घाईत पोचवलं गं."

परतीचं तिकीट पुढे ढकललं गेलं, मग आणखी पुढे. या दिवाळीला मामी महिन्याभरासाठी आली. अम्मांकडे चार दिवस राहिली, बदलापुरात सगळ्या सोसायटीला घानाचे कपडे दाखवले. तिसऱ्या आठवड्यात मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. सूनबाई गरम भाकरी वाढत होती. मामी सहज म्हणाली, "घरी गेल्यावर आधी तो पडदा बदलायला हवा."

"कुठल्या खोलीतला?" संदीपने विचारलं. "आत्ताच बदलू की."

"इथला नाही रे. घरचा."

तिचं तिलाच कळलं आणि घास हातात तसाच राहिला. सूनबाई तव्याकडे वळली. मी भाजी नसलेल्या ताटात भाजी शोधत राहिले. संदीपने पाणी प्यायलं, पेला खाली ठेवला आणि विचारलं, "खिडकी केवढी आहे?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं उल्हासनगरच्या बाजारात गेलो. आयुष्यात कधी कापडाला हात न लावलेला संदीप प्रत्येक ठाण चिमटीत धरून बघत होता.

"ऊन फार येतं का तिथे?" त्याने आईला विचारलं.

"सकाळी येतं. थेट तोंडावर."

"मग जाडच घेऊ," तो म्हणाला, आणि दुकानदाराला वरचं ठाण काढायला सांगून बराच वेळ ते ठाण हातात घेऊन उभा राहिला.