काकांच्या खिशातली गोटी

माझ्या बायकोच्या दूरच्या काकांइतकी घरं जर्मनीत कुणी पाहिली नसतील आणि त्यांच्याइतकी कमी कुणी घेतली नसतील. रविवारी लोक तळ्याकाठी फिरायला जातात. काका विकाऊ घरं बघायला जात. वोल्फ्सबुर्गच्या आसपासच्या गावांमधले सगळे माकलर, म्हणजे घरांचे दलाल, त्यांना छत्रीवरून ओळखत आणि दिसले की रस्ता ओलांडत. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. घरांचे भाव जागचे हलत नव्हते. 'घर घेतोय' असं मी कारखान्यात नुसतं म्हणालो, तर जर्मन सहकाऱ्यांनी माझ्याकडे घरात कुणी आजारी असल्यासारखं पाहिलं. गिऱ्हाईक दिसलं की दलालानं खुर्ची पुसून द्यावी असे ते दिवस होते. त्या दिवसांत दलाल ज्यांना टाळत, ते काका काय चीज असतील हे समजून घ्या.

घर बघायचं तर भर पावसात, हा त्यांचा पहिला नियम. "उन्हात सगळीच घरं सज्जन दिसतात, जावईबापू," ते मला सांगत. घरात शिरले की दिवाणखान्याकडे ढुंकूनही न बघता थेट तळघरात उतरत, डोळे मिटून खोल श्वास घेत आणि निकाल देत. एकदा एका दलालानं नवा रंग दिलेलं घर मोठ्या तोऱ्यात दाखवलं. काकांनी तळघरात हुंगलं, भिंतीला टेकवलेलं जडच्या जड कपाट एकट्यानं सरकवलं आणि मागची बुरशी दलालाला अशी दाखवली, की जणू तीच त्याला विकायची होती. आमच्या जर्मन काकू तेवढा वेळ गाडीत बसून मोजे विणत. त्यांच्या मते चाळीस वर्षांच्या संसारात त्यांचे जेवढे मोजे विणून झाले, तेवढी काकांनी घरंसुद्धा पाहिली नव्हती.

पण काकांचं खरं शस्त्र म्हणजे गोटी. निळ्या काचेची, सांगलीच्या शाळेत जिंकलेली. खोलीच्या मधोमध ती ठेवायची, स्वतः उकिडवं बसायचं आणि वाट पाहायची. गोटी हलली की जमीन उताराला आहे हे सिद्ध. मग काका "गेनाऊ!", म्हणजे 'अगदी बरोबर!', म्हणून अशी टाळी वाजवत की घरमालक दचकावा. इतकं सगळं करून स्वतः मात्र चौथ्या मजल्यावर भाड्यानं राहत. का, असं मी एकदा विचारलं तेव्हा काकूच म्हणाल्या, "आल्झो, हे बघ, याला बिनचूक घर पाहिजे. बायकोच्या बाबतीत घाई केली, आता घराच्या बाबतीत नाही करणार." हे त्या मराठीत म्हणाल्या, आणि काका लाजले.

अशा माणसाला मदतीला बोलावण्याची वेळ माझ्यावर आली. आमच्या घरमालकाला त्याच्या मुलीसाठी फ्लॅट हवा होता, आम्हाला हिवाळ्याच्या आत जागा सोडायची होती आणि बायकोला सहावा महिना लागला होता. परदेशी माणूस आणि येऊ घातलेलं बाळ म्हटलं की भाड्याची घरं अचानक 'कालच गेलेली' असत. "अहो, काहीतरी करा," बायको म्हणाली, "बाळाला काय सुटकेसमध्ये निजवायचं?"

आमच्या ऐपतीतलं घर एकच निघालं. ते एका म्हाताऱ्या सुताराचं होतं. धंदा बुडाला होता आणि घराची किंमत येईल त्यापेक्षा बँकेचं कर्ज जास्त होतं. कोर्टाच्या लिलावात आणखी कमी पैसे येतील म्हणून बँक थोड्या रकमेवर पाणी सोडून आधीच विकायला तयार होती. पण त्याला सुताराची सही लागणार होती. आणि सुतार येईल त्याला हाकलत होता. लोक यायचे, भिंती ठोकायचे, नाकं मुरडायचे, भाव पाडायचे. लिलाव झाला तरी चालेल, पण असल्यांना घर देणार नाही, असं त्यानं बँकेला कळवलं होतं. अशा माणसाकडे मी काकांना घेऊन निघालो होतो. वाटेत मी हात जोडले, "काका, आज गोटी नको." काकांनी खिसा चाचपला. बाहेर पाऊस होता, त्यामुळे ते खुशीत होते.

आत गेल्यावर काकांनी बूट काढले. तळघरात गेले नाहीत. सुतारानं स्वतः केलेल्या ओक लाकडाच्या जिन्यापाशी थांबले, कठड्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "खिळा कुठेच दिसत नाही. कसं केलंत?" सुतारानं आधी काकांच्या मोज्यांकडे पाहिलं. मग सांगायला लागला, आणि अर्धा तास सांगत राहिला. तो जिन्याचा नकाशा आणायला वर गेला तेवढ्यात सवय उफाळून आली. काकांनी खिशात हात घातला, गोटी जमिनीवर ठेवली. गोटी क्षणभरही न थांबता खिडकीच्या कोपऱ्याकडे निघाली. एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. आता टाळी वाजणार म्हणून मी डोळे मिटले. उघडले तेव्हा काकांचा मोजा गोटीवर होता आणि ते खिडकीबाहेरच्या पावसाचं कौतुक करत होते.

गाडीत बसल्यावर म्हणाले, "उतार आहे. तुम्ही पाहिलात, मी पाहिला. त्याला कशाला दाखवायचा? घर जातंय ते पुरे नाही का?"

सुतारानं सही केली. बँकेनं दोन महिने ताटकळवून होकार दिला. करार झाला त्या दिवशी नोटार, म्हणजे करार पक्का करणारा सरकारमान्य वकील, इथल्या रीतीप्रमाणे अख्खा कागद एका सुरात मोठ्यानं वाचत होता आणि काका पोथीला बसल्यासारखे हात जोडून ऐकत होते. वाचन संपताच त्यांनी पिशवीतून शिऱ्याचा डबा काढला. "पोथी झाली, आता प्रसाद." नोटारनं पेन बाजूला ठेवून दोनदा घेतला. सुतारानंही घेतला, मान खाली घालून. आम्ही त्या घरात राहायला गेलो आणि दहाव्या दिवशी आमची मुलगी जन्मली.

काका जाऊन आता दोन वर्षं झाली. गोटी काकूंनी मुलीला दिली. मध्यंतरी सुतार जिना बघायला म्हणून आला, कॉफी घेत बसला. मुलगी जमिनीवर खेळत होती, आणि गोटी सुटून तिच्या नेहमीच्या वाटेला लागली. मी नकळत पाय पुढे केला आणि तिच्यावर ठेवला.

म्हातारा हसला. "पाय काढा हो. ती जमीन मीच घातली आहे, मला ठाऊक नाही होय? तुमच्या काकांनीही त्या दिवशी असाच पाय ठेवला होता. मी जिन्यावरून पाहिलं. घर यांनाच द्यायचं, हे मी तिथेच ठरवलं."

हे काकांना सांगायला हवं होतं, फार फार हवं होतं. मी पाय काढला. गोटी खिडकीच्या कोपऱ्यात जाऊन थांबली आणि मुलगी तिच्यामागे धावत गेली.