डोळ्यांवर पट्टी, खाली पूर्ण नाव

फ्लेक्सवरील प्रत्येक मुलाच्या डोळ्यांवर काळी पट्टी होती आणि प्रत्येक पट्टीखाली, ठळक अक्षरांत, त्या मुलाचे संपूर्ण नाव होते. वडिलांच्या नावासह.

"पहचान गुप्त रख दी ना, वकील साहब," अध्यक्ष समाधानाने म्हणाले. "आपका कानून भी खुश, पब्लिक भी खुश."

मी निवृत्त सरकारी वकील आहे आणि या शाळेचा मानद विधी सल्लागार. मानद म्हणजे ज्याचा सल्ला फुकट मिळतो आणि म्हणूनच कोणी घेत नाही, असा मनुष्य. शाळा मात्र साधी नव्हे. नशेतून सावरणाऱ्या मुलांसाठीचे हे हायस्कूल रायपुरात एका संस्थेने काढले आहे. उपचार संपवून मूल जुन्या शाळेत परतले, की जुने मित्र आणि जुना गोळ्या विकणारा, दोघेही फाटकावर स्वागताला उभे असतात. म्हणून त्याने नववी ते बारावी वेगळ्या ठिकाणी, शाळेच्याच वसतिगृहात राहून करावी, रोज सकाळी समुपदेशकासमोर मनातले बोलावे आणि पाय पुन्हा घसरला, ज्याला तेथे 'रिलॅप्स' म्हणतात, तर त्याला हाकलून न देता पुन्हा उपचाराला पाठवावे, अशी ही कल्पना. कल्पना उत्तम आहे. दुर्दैवाने तिला अध्यक्ष आहेत.

अध्यक्षांचा सिलतऱ्याला लोखंडाचा कारखाना आहे. जे शाल-श्रीफळाविना घडले ते घडलेच नाही, असे त्यांचे ठाम मत. त्यानुसार 'नशामुक्त' मुलांचा एका मंत्र्यांच्या हस्ते जाहीर सत्कार ठरला आणि त्याचे फ्लेक्स मुलांच्याच मोहल्ल्यांत लावायचे ठरले.

"पड़ोसियों को भी तो गर्व हो!"

"साहेब, शेजाऱ्यांना माहीतच नाही. गर्व कशाचा करतील?"

"वही तो! अब मालूम पड़ेगा."

मी मुख्याध्यापिका मेश्राम मॅडमांच्या खोलीत गेलो. तेथे बारावीतली एक मुलगी उभी होती. तिचे नाव मी लिहिणार नाही. कायदा मलाही लागू आहे. घर चौबे कॉलनीत. ती नागपूरला आत्याकडे शिकते, असे तिच्या आईने कॉलनीत सांगून ठेवले होते.

"सर, वो मेरे घर के सामने लगेगा क्या?" तिने विचारले. मराठी तिला समजते. बोलते ती हिंदी.

"लगेगा तो नहीं, अगर मेरा बस चले."

"चलता है क्या आपका?"

उभ्या वकिलीत इतका नेमका उलटतपास माझा कोणी घेतला नव्हता.

"मुझे हीरो नहीं बनना, मॅडम," ती म्हणाली. "बारावी करनी है बस. फ्लेक्स लगा तो मैं उसी दिन चली जाऊँगी."

ती गेल्यावर मेश्राम मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, हे पोट्टी मधातच शाळा सोडून गेली ना, तर परत येत नाही. गोळ्या देणारी तिची मैत्रीण अजून तिच्याच गल्लीत राहून राहिली."

त्याच दुपारी मी अध्यक्षांना पत्र लिहिले. ही मुले बालकल्याण समितीमार्फत, म्हणजे अडचणीतल्या मुलांचे हित पाहणाऱ्या सरकारी समितीमार्फत आलेली. बाल न्याय अधिनियमाचे कलम ७४ अशा मुलाचे नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र, ओळख पटेल असे काहीही प्रसिद्ध करू देत नाही. उल्लंघनास कारावासाचीही तरतूद आहे. हे सर्व मी मुद्देसूद, परिच्छेदांना क्रमांक घालून कळवले.

अध्यक्षांनी कायद्याचा मान राखला. त्यांनी पट्टी रुंद केली.

मग मी संबंधित विभागाला लिहिले. विभागाने असामान्य तत्परता दाखवली. माझी तक्रार 'उचित कार्यवाहीसाठी' अध्यक्षांकडेच पाठवली! आरोपीलाच तपास अधिकारी नेमण्याची ही पद्धत खर्चाच्या दृष्टीने आदर्श आहे. न्यायालयांची गरजच उरत नाही. अध्यक्षांनी स्वतःची चौकशी करून स्वतःला निर्दोष ठरवले आणि मला फोन केला.

"वकील साहब, इतना गुस्सा सेहत के लिए ठीक नहीं. कल सुबह सब जगह लग रहे हैं. आप भी मंच पर बैठिए."

मी तात्यापाऱ्यातल्या छपाईच्या दुकानात जाऊन उभा राहिलो. तयार फ्लेक्स जमिनीवर पसरलेले होते. मुलांची रांग खाली. वर अध्यक्ष, हात जोडून, छातीपर्यंत. आणि त्यांच्या खांद्यापाशी, पासपोर्टच्या आकाराचे, प्रमुख पाहुणे मंत्रिमहोदय.

मी त्याकडे बराच वेळ पाहिले. मग दुकानाच्या बाकावर बसून आयुष्यातले सर्वांत लहान पत्र लिहिले. त्यात एकही कलम नव्हते. मंत्र्यांच्या स्वीय सहायकांस एवढेच कळवले की, उद्या शहरभर लागणाऱ्या फ्लेक्सवर मंत्रिमहोदयांचे छायाचित्र अध्यक्षांच्या छायाचित्राहून बरेच लहान आहे. हे राजशिष्टाचारास धरून आहे काय, याचा खुलासा व्हावा. सोबत फ्लेक्सचा मोबाइलवर काढलेला फोटो जोडला आणि दोन्ही व्हॉट्सॲपवर धाडले.

दुकानदाराने मागवलेला चहा मी संपवला नव्हता तोच त्याचा फोन वाजला.

"हव भैया... हव... एक भी नहीं जाएगा बाहर... हव, सब फाड़ देता हूँ."

जे संसदेच्या अधिनियमाला जमले नाही ते पासपोर्ट फोटोने केले.

रातोरात नवा फ्लेक्स झाला. त्यात मंत्रिमहोदय अवाढव्य होते. स्वतःला लहान करणे अध्यक्षांच्या प्रकृतीस मानवेना, म्हणून तेही अवाढव्यच राहिले. मुलांना जागाच उरली नाही. समारंभात शेवटी शाल आणि श्रीफळ अध्यक्षांनाच मिळाले, नशामुक्तीच्या कार्याबद्दल. मी टाळ्या वाजवल्या. मनापासून.

ती मुलगी त्या वेळी वर्गात अकाउंट्सचा ताळेबंद जुळवत होती. पुढे ती बारावी पास झाली. चौबे कॉलनी आजही समजते की नागपूरच्या शाळा चांगल्या आहेत.

विधी महाविद्यालयातली मुले कधी अनुभव विचारायला येतात. त्यांना मी सांगतो की मुलाच्या अब्रूसाठी कायद्यात कलम आहे, ते पाठ असू द्या. पण ते लागू करून घ्यायचे असेल, तर आधी कोणा मोठ्या माणसाचा अपमान झाला आहे का, ते शोधा.