शफीकच्या मागं मी, माझ्या मागं शफीक

फौजेतली माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेच्या बर्फात झाली. आता ड्यूटी फक्त रविवारची, खुलताबादच्या डोंगरात. शहरातले डॉक्टर, इंजिनिअर, शेंद्र्याच्या कंपन्यांतली मंडळी घेऊन चालायला जातो. निघण्याआधी सांगतो, पाणी स्वतःचं आणा. स्पीकर घरी ठेवा, माकडांना तुमची गाणी नको आहेत. कचरा आपल्या पिशवीत घाला. आणि मागच्याला नजरेआड होऊ देऊ नका.

बाकीचं लोक हसत ऐकतात, या शेवटच्यावर मात्र कुरकुर होते. परवा एक तरुण वैतागला.

"काका, दर वळणावर काय थांबायचं? ट्रेकची मजाच जाते."

"डोंगर कुठं पळून चाललाय का?" मी म्हणालो. मागे राहिलेल्या बाई आल्या, दम घेतला, पाणी प्यायल्या. मग निघालो.

हा नियम मी बर्फात शिकलो. आमच्या पोस्टवरून पुढच्या पोस्टवर पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, जायची. वाटेत एक उतार होता, तिथे बर्फाचा कडा कधीही सुटायचा. तो एकेकानं ओलांडायचा आणि बाकीच्यांनी उभं राहून फक्त त्याच्याकडे बघायचं. बर्फ आलाच, तर माणूस शेवटी कुठे दिसला हे कुणाला तरी ठाऊक पाहिजे. शोध तिथूनच सुरू होतो. प्रत्येकाच्या कमरेला मागे मोकळी सोडलेली लांब लाल दोरी असायची, तीही शोधण्यासाठीच.

नाईक शफीक खुलताबादचा, मी फुलंब्रीचा. पलटणीत गाववाला म्हणजे भाऊच. पेट्रोलमध्ये आमचा नंबर मागं-पुढंच असायचा. तो अखंड बोलायचा.

"हा कसला डोंगर, सूर्यभान? ना सीताफळ, ना बकरी. आमच्याकडं चल एकदा. लई गरीब डोंगर हाय आमचा, कुणाला मारत नाय."

त्या उतारावर मात्र बोलायला बंदी होती. ते त्याच्या फार जिवावर यायचं.

त्या सकाळी आभाळ स्वच्छ होतं. मी पलीकडे पोचलो आणि वळून उभा राहिलो. शफीक निघाला. मध्यावर आल्यावर त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. वर दबका आवाज झाला आणि अख्खा उतार खाली निघाला.

"कोई नहीं हिलेगा!" सुभेदार साहेब ओरडले. "किसने देखा?"

"मैंने, साब. काले पत्थर के नीचे."

त्यांनी रेडिओवर पोस्टला कळवलं. "एक जवान बर्फ के नीचे. सर्च शुरू. ओव्हर."

मी त्या जागेवरून नजर काढली नाही. खाली जाताना पाय कुठे पडतायत तेही बघितलं नाही. दोरीचं टोक तिथेच सापडलं. फावड्यांनी खणलं, मग हातांनी. शफीक लवकर सापडला. सगळं शिकवल्याप्रमाणे झालं, तरी तो गेला होता.

लोकांना वाटतं मला डोंगरातली शांतता आवडते. नाही आवडत. चालताना मागून कुणीतरी माझी टिंगल करावी, मी गप्प बस म्हणावं आणि त्यानं ऐकू नये, याची मला भूक लागते. शफीकची फार आठवण येते. त्याच्याच डोंगरात जास्त येते.

तो गेल्यावर पुढच्या सुट्टीत मी त्याच्या घरी गेलो होतो. अम्मींनी आधी जेवायला वाढलं. मी हात धुऊन बसल्यावर विचारलं,

"खरं सांग बाळा. एकटा होता का रं माझा पोरगा?"

"नाय अम्मी. मी बघत होतो. शेवटपर्यंत बघत होतो."

त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"म्हंजी ह्याच डोळ्यांनी," म्हणाल्या, आणि माझ्या डोळ्यांत बघत राहिल्या. त्यांचं बघून होईपर्यंत मी पापणी हलवली नाही.