काचेवरचा चुना

नोकरीसाठी मस्कतला निघाले त्या सकाळी आबा टॅक्सीपर्यंत आले नाहीत. साहेबांच्या घराच्या मोठ्या काचेखालचा पाचोळा झाडत होते. हाक मारली तेव्हा खराटा हातात घेऊनच वळले आणि म्हणाले, "जा पोरी. पोचलीस की फोन कर." त्यांच्या पायाशी पाचोळ्यात एक बुलबुल मरून पडला होता. मी तो पाहिला आणि बॅग उचलली.

ते घर आमचं नव्हतं, जागा मात्र आमची होती. महाबळेश्वरच्या खालच्या अंगाचा, जांभळींनी भरलेला तो उतार आबांनी लष्करातून आल्यावर पुण्याच्या एका साहेबांना विकला. राखणदारीची नोकरी आणि राहायला दोन खोल्या एवढी बोली होती. साहेबांनी तिथं घर बांधायला काढलं आणि मला, सिव्हिल डिप्लोमावालीला, साइटवर काम मिळालं. आर्किटेक्ट बाईंनी एकही झाड तोडू दिलं नाही. काँक्रीटचे ठोकळे एकावर एक, थोडे सरकवून रचलेले. एका जांभळीसाठी स्लॅबला भलंमोठं भोक. जिना उघडा, लोखंडी. गिलावा कुठंच नाही. दरीकडची भिंत अख्खी काचेची, जंगल घरात यावं म्हणून. ती काच माझ्या देखरेखीखाली बसली. इतकं देखणं काम माझ्या हातून पुन्हा झालं नाही.

काचेत जंगल हुबेहूब दिसायचं. पाखरांनाही ते खरंच वाटायचं.

आबा फोनवर यातलं काही बोलले नाहीत. आईनंच सांगितलं. "रोज सकाळी पाखरं पुरत्यात बग. काल हरियलाची जोडी हुती. लय गप झाल्यात ह्ये."

मग एके दिवशी आबांनी बादलीत चुना कालवला, शिडी लावली आणि अख्ख्या काचेवर उभे फराटे ओढले. पाखरं आपटायची थांबली. थोड्याच दिवसांत साहेब पाहुणे घेऊन आले. आबांना ते काही बोलले नाहीत. मला फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं: वडिलांना समजवा, नाहीतर दुसरा माणूस बघतो.

त्या वयात आईआबा कुठं जाणार, या भीतीनं मी फोन लावला.

"आबा, ते पुसून टाका."

"मरत्यात गं पाखरं."

"घर त्यांचं आहे आबा."

आबा म्हणाले, "काच तू लावलीस. आता तूच म्हनतीस, तर पुसतो."

त्यांनी ती लख्ख पुसली. दुसऱ्या दिवशी किल्ल्या ठेवल्या आणि आईला घेऊन एसटीनं रहिमतपूरला मामाकडं गेले. त्यांना कुणी काढलं नव्हतं.

आता दोघं मामाच्या दुकानामागं पत्र्याच्या खोलीत राहतात. माझ्यासारख्या बाहेर गेलेल्यांना एवढंच सांगते, लांबून केलेल्या आपल्या फोनला घरात फार वजन असतं. मी ते कुठं वापरलं, ते हे असं.

गेल्या दिवाळीत रजेवर आले तेव्हा विचारलं, "आबा, एकदा वर जाऊन घर बघून येऊ या का?"

"कुनाचं?" त्यांनी विचारलं. रागानं नाही. उत्तराची वाट बघत माझ्याकडं बघत राहिले.

मला अजून घर म्हटलं की तो उतारच दिसतो, मी बसवलेल्या काचेसकट. रहिमतपूरच्या खोलीत मी आले की आई शेजारून खुर्ची मागून आणते. मी उठले की ती लगेच परत देऊन येते.