प्रेमराजची सव्वा मूठ

ताईबाईला नवऱ्याची कीव यायला हवी होती, निदान सगळ्या नातलगांचं तसं म्हणणं होतं. तिला मात्र त्याची चीड यायची.

प्रेमराज म्हणजे एसटीचा निवृत्त ड्रायव्हर. धुळे-पिंपळनेर रस्त्यावर हयात गेली. मिशीला पीळ, आवाज हॉर्नसारखा, आणि मर्दपणाचा तोरा तर विचारूच नका. चुलतभाऊ छगनला मूल झालं नाही, तर हा भरल्या पंगतीत म्हणायचा, "छगननी गाडीले इंजिनच नही!" पंगत हसायची. छगनची बायको वाढता वाढता मान खाली घालायची. ताईबाईला तेव्हाच वाटायचं, या माणसाची जीभ एकदा चुलीत घालावी.

मग त्याला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. नाशिकला ऑपरेशन झालं, गाठ गेली, रिपोर्ट चांगले आले. ताईबाईने देवाला नारळ फोडला. पण घरी परत आला तो कोणी वेगळाच. लघवी थेंबथेंब गळायची आणि ते दुसरं तर पार बंदच झालं. ज्या गोष्टीवर मिशी पिळायची तीच गेली म्हटल्यावर गड्याने आपली खाट बाहेरच्या खोलीत नेली. ओले कपडे पाण्याच्या टाकीमागे लपवू लागला. जणू बायकोला नाकच नाही! ती ते गुपचूप धुऊन वाळत घालायची आणि तो दोरीकडे न बघता निघून जायचा. तिने खांद्यावर हात ठेवला तर चटका बसल्यासारखा बाजूला सरकायचा.

एवढ्यावर थांबेल तर तो प्रेमराज कसला! तोताराम नावाचा त्याचा दोस्त, ज्याला स्वतःच्या साखरेची गोळी वेळेवर घेता येत नाही, त्याने याला कसलीशी पावडर आणून दिली. दुधातून घ्यायची म्हणे. प्रेमराजने डॉक्टरला न विचारता घेतली आणि मर्दानगी परत आणायला निघालेला हा वीर दोन दिवस संडासाची कडी धरून बसला. ताईबाईने ताक करून दिलं, पण मनातल्या मनात दोघांना अशा शिव्या घातल्या की तोतारामला उचकी लागली असेल.

"डॉक्टर काय बोलना?" असं तिने विचारलं की सगळं ठीक असल्याचं एकच उत्तर यायचं, "बठ्ठं चांगलं शे."

एक दिवस दवाखान्यातून फोन आला. तो अंघोळीला गेला होता, म्हणून तिने उचलला. तिकडून सिस्टर म्हणाली, "ताई, डॉक्टरसरांनी प्रेमराज आबांना दोनदा सांगितलं, बायकोला घेऊन या. या त्रासावर व्यायाम आहेत, औषधं आहेत, ते दोघांना मिळून समजवायचं असतं. पण आबा म्हणाले तुमचे गुडघे दुखतात, प्रवास झेपत नाही. या बुधवारी तरी याल का?"

ताईबाईचे गुडघे! कालच ती पापडाचं टोपलं घेऊन गच्चीवर चढली होती. तिने "बरं" म्हणून फोन ठेवला. ते दुसरं तिलाही आठवायचं, नाही कशाला म्हणा. पण तिला खरी उणीव भासायची ती झोपेत अंगावर पडणाऱ्या त्या जड हाताची. तो हात या मूर्खाने स्वतःच्या मिशीपायी भिंतीपलीकडे नेऊन ठेवला होता.

दोनच दिवसांनी श्रावणातली कानबाई, खानदेशातली घरोघरची देवी, बसली. सगळे भाऊबंद पिंपळनेरला थोरल्या जेठांच्या, म्हणजे प्रेमराजच्या मोठ्या भावाच्या, नानांच्या घरी जमले. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू काढायचे ते घरातल्या पुरुषांच्या नावाने, प्रत्येकाची सव्वा मूठ. पाळण्यातल्या पोराचीही मूठ पडते. नाना नाव घेतात आणि त्या घरची बाई सुपात गहू टाकते.

गहू निवडत असताना प्रेमराज तिच्याजवळ येऊन खाली बघत पुटपुटला, "औंदा मनी मूठ नको टाकजो."

"काबर?"

"मी आते माणूस नही राह्यनू."

ताईबाईच्या हातातलं सूप थांबलं. इतक्या दिवसांची चीड एकदम वर आली.

"मूठ टाकतस नही ती फक्त मरेल माणूसनी," ती म्हणाली. "तुम्ही मरेल शेतस का? मना कपाळवरनं कुंकू आज पुसी टाकू का?"

प्रेमराज पुरुषांच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला.

मग सगळे बसले. नाना एकेक नाव घेऊ लागले. छगनचं नाव आलं, त्याच्या बायकोने मूठ टाकली. इंजिन नसलेल्या छगनची मूठ दरवर्षी पडत होती, आणि आजवर कोणी हरकत घेतली नव्हती.

"प्रेमराज," नाना म्हणाले.

प्रेमराजने काही सांगायला हात वर केला. जेठांपुढे कधी ओठ न उघडणारी ताईबाई त्याच्या आधी बोलली, आणि सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"जित्ता शेतस, नाना. मोजा." तिने मूठ भरली ती इतकी की दाणे सुपाबाहेर उडाले. वरची पाव मूठही तिने तशीच टाकली. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "आन बुधवारले मी नाशिकले येसू. मना गुडघा चांगला शेतस."

घरच्यांना काही कळलं नाही. नानांनी पुढचं नाव घेतलं. प्रेमराज मात्र खाली वाकला, सांडलेले दाणे एकेक करून वेचले आणि आपल्या हाताने सुपात टाकले.