डाव्या हाताचा वाटा

मोऱ्याहून पहिल्या एस.टी.ने पनवेलच्या बाजारात येणाऱ्या त्या कोळणीवर मी तीन आठवडे नुसता धुमसत होतो. दहा वर्षं ती मला लांबूनच हाक मारायची, "भाऊ, तुजा बोंबलाचा वाटा काढलाय!" आणि आता मी नेहमीसारखा तिच्या डाव्या अंगाने गेलो तरी बाई ढिम्म. मग मीही तोंड उघडलं नाही. 'माजलीय ती,' असं मात्र बाजारभर सांगत सुटलो.

एके दिवशी तापाचं औषध आणायला दवाखान्यात गेलो, तर ती बाकावर बसलेली आणि डॉक्टर तिच्या लेकीला सांगत होते, "डोळे चांगले आहेत. मेंदूतली एक बारीक रक्तवाहिनी बंद पडलीय. दोन्ही डोळ्यांना डावीकडचं दिसत नाही."

"काय झालं?" मी विचारलं. माझा आवाज ऐकून कोळणीने अख्खी मान वळवली.

"भाऊ, तुजा वाटा रोज डाव्या हाताला पानाखाली ठेवते. उठताना चाचपते, तर नसतो. म्हटलं, भाऊ नेतोय, पन बोलत नाय. माजं काय चुकलं?"

मी एकदाही नेला नव्हता. बाजारातली मांजरं नेत होती.

तिच्याच विळीवर माझी जीभ धरावी, असं वाटलं मला.