दुसऱ्या बाजूची पाठवणी

माझ्या आत्याने बोलावलं की मेलेली माणसं लग्नाला येत. मी हे आता जितकं सरळ लिहिते आहे, तितक्याच सरळपणे तेव्हा नाहूरच्या आमच्या गावठाणात बोललं जायचं. आत्या धवलारीण होती. आम्हा आगरी लोकांत भटजी असो वा नसो, लग्नात धवले गाणारी बाई लागतेच. ती आधी देवांना हाक मारते, मग गावदेवीला, आणि मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. आत्याचा आवाज गोड म्हणावा असा मुळीच नव्हता, पत्र्यावरून खडा ओढल्यासारखा खरखरीत होता. पण तिने माझ्या आजोबांचं नाव घेतलं की आई हातातलं काम टाकून पदर डोक्यावर घ्यायची. सासरे दारात आले की घ्यायचा असतो, तसा.

ऐंशी साल उलटलं आणि आमच्याकडे घरोघरी रेडिओ-टेपचे टू-इन-वन आले. हळदीला बायकांऐवजी कॅसेट गाऊ लागल्या. कव्हरवर ‘अस्सल लोकगीतं’ असं छापलेलं असायचं. त्यातले लोक कुठले, हे देवालाच ठाऊक. एक कॅसिओ, ठोके देणारं एक यंत्र आणि लाडिक आवाजाची एक बाई, एवढ्यावर सगळं भागायचं. त्या वर्षी मुलुंडपासून भांडूपपर्यंत प्रत्येक मांडवात एकच गाणं होतं. ‘दूध उतू चाललंय दाजी, झाकण कोण ठेवील?’ असं विचारून ती बाई गप्प व्हायची. मग नुसते ठोके वाजत राहायचे, म्हणजे पुरुषांना शिट्ट्या मारायला जागा. शिट्ट्या संपल्या की ती खिदळायची आणि पुढच्या कडव्याला लागायची. ही युक्ती एवढी खपली की पुढे सगळ्याच गाण्यांत तशी रिकामी जागा यायला लागली.

हे ऐकून म्हाताऱ्या बायका लाजेने मान खाली घालत असतील असं कुणाला वाटत असेल, तर त्याने आमच्या बायकांची हळद ऐकलेली नाही. दार लावून घेतलं की आत्या आणि तिच्या वयाच्या चौघीजणी विहिणीच्या नावाने जे गायच्या, ते मी आजही कागदावर उतरवू शकणार नाही. आत्याची तक्रार वेगळीच होती. कॅसेट वाजली की ती कपाळाला आठ्या घालून विचारायची, “ही कोनाला गाते?” आमच्या गाण्यात विहीण समोर बसलेली असायची, तिचं नाव असायचं, आणि पुढच्या कडव्यात ती सव्याज परतफेडही करायची. ही कॅसेटवाली कुणालाच गात नव्हती.

“मंग काय झालं?” थोरला भाऊ एकदा तिला म्हणाला. तो भांडूपला रंगाच्या कारखान्यात होता आणि सुट्टीच्या दिवशी बँजो पार्टीत कॅसिओ वाजवायचा. म्हणजे आत्याच्या मते निम्मा गुन्हेगार तोच.

“कोनालाच नाय म्हंजे कोनी पन येल,” आत्या म्हणाली. भाऊ हसला. मला हसू आलं नाही, आणि का आलं नाही ते कळलंही नाही.

मी तेव्हा मुलुंडच्या कॉलेजात होते आणि असल्या गोष्टी मानायच्या नाहीत असं मैत्रिणींसमोर ठरवून बसले होते. त्याच सुमाराला आत्याच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की जीव वाचेल, आवाज जाईल. माझ्या बहिणीचं लग्न ठरलेलं होतं, आणि ते ऑपरेशनच्या नंतर होतं. आत्या जिवासाठी रडली नाही. बहिणीच्या लग्नात धवले कोण गाणार म्हणून मात्र दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

तिचं गाणं भरून घ्यायचं, ही कल्पना भावाची. याआधी एक कॅसेटवाला तेच विचारायला आला होता आणि आत्याने त्याला पायरीवरूनच परत पाठवलं होतं. लग्न नाही, मांडव नाही, आणि त्या गेलेल्यांना बोलावून बसवायचं कुठं, असं तिचं म्हणणं. पण भाचीसाठी ती तयार झाली. एका दुपारी माजघरात पंखा बंद करून भावाने टेप लावला. ती भिंतीकडे तोंड करून गायली आणि एक बाजू भरली. भावाला दुसरी पाळी होती. कॅसेट उलटी कशी करायची आणि कुठली दोन बटणं एकदम दाबायची, ते तिला दाखवून तो निघून गेला. आई बाजारात होती, मी कॉलेजात. संध्याकाळी कॅसेट नीट रुमालात गुंडाळून देवाजवळ ठेवलेली होती.

पुढच्या आठवड्यात आत्याचं ऑपरेशन झालं. ती घरी आली ती गळ्यातल्या भोकावर पांढरं फडकं बांधून. तिला अक्षरओळख नव्हती. हातवारे आणि ओठ, एवढंच तिच्याकडे उरलं.

लग्नाच्या दिवशी भावाने ती कॅसेट लाउडस्पीकरवाल्याच्या हातात दिली. आत्या मांडवाच्या मेढीपाशी, मधल्या खांबाजवळ, पाटावर बसली होती, ओठ मिटून, आणि तिचा आवाज वरून पत्र्याच्या कर्ण्यातून येत होता. देव आले, गावदेवी आली. आजोबांचं नाव आलं तेव्हा आईने पदर घेतला. बाई समोर गप्प बसलेली आणि तीच वरून मेलेल्यांना हाका मारत होती.

अक्षता पडल्या आणि नेहमीप्रमाणे सगळे पंगतीकडे धावले. आत्या उठून लाउडस्पीकरवाल्याजवळ गेली आणि हाताने खूण केली, कॅसेट उलटी कर. त्याने केली. कर्ण्यातून ठोके सुरू झाले आणि पाठोपाठ ती लाडिक बाई. पंगतीतून पहिली शिट्टी आली, तरण्या बायका पदर खोचून उठल्या, करवल्या नाचायला लागल्या. आत्याने मेढ दोन्ही हातांनी धरली. तिचे ओठ भराभर हलत होते. मी जवळ गेले तर गळ्याच्या फडक्यातून फक्त वारा येत होता.

भावाला संध्याकाळी उमगलं. आत्याला ती दोन बटणं काही जमली नसतील, दुसरी बाजू कोरीच असणार असं समजून त्याने हळदीसाठी तिच्यावर गाजलेली गाणी भरली होती. त्याला दोष तरी काय द्यायचा? धवले हाक मारून संपतात, असंच आम्ही सगळे समजत होतो. त्यापुढचं कुणी ऐकलेलंच नव्हतं, कारण तेव्हा अख्खा गाव पंगतीत बसलेला असायचा. आत्या मागे मेढीपाशी एकटी पुटपुटत असते, ते तिचं काहीतरी दमल्या-भागल्याचं असेल, असं मी लहानपणापासून धरून चालले होते. आईला मात्र सासूकडून एवढं ठाऊक होतं की बोलावलेल्यांची पाठवणी करावी लागते. कशी, ते तिलाही माहीत नव्हतं. भाऊ ओसरीवर बसून लहान मुलासारखा रडला.

बहीण सासरी गेली, मांडव उतरला, पण घरातला हळदीचा वास हटेना. आईने जमीन दोनदा सारवली, भिंतीवरचे हळदीचे हात पुसले. दोन दिवसांनी तसेच पिवळे ठसे माजघरात खाली दिसले, जमिनीवर बसलेला माणूस भिंतीला टेकून उठला तर हात लागेल त्या उंचीला. पाण्याचा हंडा दुपारी भरलेला असायचा आणि चहाच्या वेळी अर्धा. मांजर माजघराच्या उंबऱ्यापाशी येऊन थांबायचं आणि मागच्या दाराने वळसा घालून स्वयंपाकघरात जायचं. आई एकदा तांदूळ निवडता निवडता म्हणाली, “पाहुणे गेले नाहीत अजून.” एखादा चुलत दीर चार दिवस जास्त राहिल्यावर म्हणावं, त्याच सुरात.

बहीण पहिल्यांदा माहेरी आली ती भर सकाळी. दारातच थबकली आणि म्हणाली, “आज एवढी माणसं कशी गं?” घरात मी, आई आणि आत्या होतो. तिने पुन्हा पाहिलं आणि विषय बदलला. मग ती स्वयंपाकघरातच बसून राहिली, माजघरात आली नाही.

या सगळ्याची भीती वाटायची ती वाटायचीच, पण मला खरं खात होतं ते आत्याचं. आमच्यात पाहुणे उठेपर्यंत यजमानीण जेवत नाही. बोलावलं आत्याने, म्हणून यजमानीण तीच. ती दुपारी ओसरीवर पाण्याचा तांब्या भरून ठेवायची, माजघर मोकळं सोडून चुलीजवळ अंग टाकायची, आणि ताट पुढे केलं की माजघराकडे बोट दाखवून मान हलवायची. फार विनवलं तर चार चमचे पेज. डॉक्टर म्हणाले, अशी उपाशी राहिली तर ऑपरेशनचा काही उपयोग नाही. आई तिच्या पाया पडली. आत्याने तिला उठवलं, जवळ घेतलं, आणि ताट पुन्हा बाजूला सारलं.

एका दुपारी भावाने ती कॅसेट फोडायला काढली. शेवटचं ऐकू तरी दे, मागच्या बाजूला आत्याचं काही उरलंय का बघू, म्हणून मी ती हिसकावली आणि दुसरी बाजू लावली. ‘झाकण कोण ठेवील?’ असं विचारून बाई थांबली. रिकामे ठोके वाजू लागले, आणि त्या ठोक्यांच्या खालून, विहिरीच्या तळातून यावा तसा, आत्याचा आवाज आला. मी भावाकडे पाहिलं. त्यालाही ऐकू आला होता, कारण तो पांढराफटक पडला होता. मग त्याने घसा खाकरून मला समजावलं की आपला टेप जुनाट आहे, वरून भरताना खालचं नीट पुसलं जात नाही. त्याचं म्हणणं खरं होतं. कॅसेट फोडायचं मात्र त्याने पुन्हा नाव काढलं नाही, एवढंच.

पूर्ण जमेपर्यंत आत्याला काही सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं. त्यानंतर रोज दुपारी ती मागच्या अंगणात असताना मी स्पीकरला कान लावून बसायचे. ज्या जागा शिट्ट्यांसाठी सोडल्या होत्या, तिथेच आत्या सापडायची. पाठवणी मोठी नव्हती. प्रत्येक नावामागे त्याच ओळी होत्या: ‘आलास तसा जा, भरल्या पोटी जा, उंबरा ओलांड, मागं बघू नको.’ नावं मला पहिल्या बाजूवरून पाठ होती. चाल तेवढी पकडायची होती. शेजारच्या काकूंनी आईला येऊन सांगितलं की कॉलेजात जाणारी तुझी पोरगी दिवसभर ते घाणेरडं गाणं ऐकते, काहीतरी लफडं असणार, वेळीच बघ. “ऐकू दे,” आई म्हणाली. काकू चहा न घेता गेल्या.

सगळ्यात शेवटच्या रिकाम्या जागेत एक नाव होतं ते पहिल्या बाजूवर नव्हतं. मी पुन्हा लावलं. पुन्हा पुन्हा लावलं. ते आत्याचं स्वतःचं नाव होतं. ऑपरेशनच्या आधी, एकटीने भिंतीकडे तोंड करून, तिने सगळ्यांबरोबर स्वतःलाही निरोप देऊन टाकला होता. आपण लग्नापर्यंत उरू असं तिला वाटलंच नसावं. मला तिचा भयंकर राग आला. हे मी भावालाही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी माजघराच्या उंबऱ्यापाशी उभी राहिले आणि गायला लागले. माझा आवाज कॉलेजच्या प्रार्थनेतला, गुळगुळीत, त्या ओळींना मुळीच न शोभणारा. आत्या मागच्या दारातून धावत आली आणि जागच्या जागी थांबली. मग हळूच माझ्याजवळ येऊन तिने स्वतःच्या मांडीवर हाताने ठेका धरला. आजोबा गेले, आजी गेली. दर नावाला माझ्या उजव्या खांद्याला घासून काहीतरी गार जायचं, आणि ओसरीवरचं पायपुसणं हलायचं. मी मागं वळून पाहिलं नाही. शेवटून दुसरं नाव झालं आणि मी थांबले.

आत्याचा हात मांडीवर तसाच ठेका देत राहिला. ती वाट बघत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ओठांनी ते नाव उच्चारलं, एकदा, मग पुन्हा.

“मना पुढचं ऐकू नाय आलं,” मी म्हणाले.

तिने माझा कान धरला आणि चांगला पिळला, खोटं बोलणाऱ्या पोराचा पिळतात तसा. मी नाव घेतलं नाही. थोड्या वेळाने तिने कान सोडला, स्वयंपाकघरात गेली, स्वतःच्या हाताने ताट वाढून घेतलं आणि भात जेवली. मांजर माजघरातून चालत आलं आणि तिच्याजवळ बसलं. हळदीचा वास घरभर होता तो गेला. फक्त आत्या जिथे बसायची, तिथे थोडा रेंगाळत राहिला.

ती त्यानंतर दोन पावसाळे काढून गेली. एका दुपारी ओसरीवर बसल्या बसल्याच. तिला आत माजघरात आणून निजवलं. घरच्यांनी उचलायच्या आधी मला मिनिटभर एकटीला राहू द्या म्हणून मी दार लोटून घेतलं. त्या दिवशी पलीकडच्या आळीत कुणाची तरी हळद होती. निरोप तिथे अजून पोचला नव्हता आणि कर्णा जोरात चालू होता. तेच जुनं गाणं. मी तिच्या उशाशी उभी राहिले आणि थांबले. ‘झाकण कोण ठेवील?’ असं विचारून बाई गप्प झाली, आणि त्या रिकाम्या ठोक्यांत मी आत्याचं नाव घेतलं. आलीस तशी जा, भरल्या पोटी जा. उजव्या खांद्याला गार वारा लागला आणि दार आपोआप उघडलं. बाहेर सगळे उभे होते. आईने पदर डोक्यावर घेतला आणि वाट देण्यासाठी बाजूला सरकली.